गार पाण्याचं भांडं

१

कवळी उकळत्या पाण्याच्या टबात सापडली, आणि कवळीकडे कोणी बघायच्या आत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सांगते नीट. आमची लॅब दातांची. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, आम्ही कवळ्या करून देतो. एकच खोली, तीन टेबलं आणि काचेच्या पार्टिशनमागे मॅडम. पहिल्या टेबलावर मेणबुवा. ते मेणात दात बसवतात आणि दिवसभर स्वतःशी गुणगुणतात. दुसरं टेबल माझं. साच्यातल्या मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरायचा, शिजवायचा, गार झाला की प्लास्टर फोडून कवळी बाहेर काढायची आणि खिडकीखालच्या गार पाण्याच्या भांड्यात टाकायची. तिथून ती चकचक उचलतो. चकचक म्हणजे आमचा पॉलिशवाला. तो तिच्या कडा घासतो, राखाडी पूड लावून चाकावर चमकवतो आणि धुवायला परत त्याच भांड्यात टाकतो. त्या भांड्याला लागूनच गॅसवर टब असतो, मेण वितळवायचा. तयार कवळी चुकून त्यात पडली की खेळ खलास. वाकडीतिकडी होते, पुन्हा कोणाच्या तोंडात बसत नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी मेणबुवा टब रिकामा करायला गेले आणि चिमट्यात धरून त्यांनी ती वर काढली. एका म्हाताऱ्या बाईंची होती. दात नाहीत म्हणून त्या कित्येक महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या, लोकांसमोर तोंड उघडायची लाज. दुसऱ्या दिवशी त्यांना कवळी मिळायची होती.

मॅडमनी चकचकला विचारलं. तो म्हणाला, माझ्याकडे आलीच नाही. मग मॅडम माझ्याकडे वळल्या आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाल्या, "अगं, असू दे. तुझी चूक नाही. आजारच तसा आहे."

मी म्हटलं की मी ती गार पाण्यातच टाकली होती. मॅडमनी पार्टिशनमागे जाऊन माझ्या दादाला फोन लावला. शनिवारी येऊन हिला घेऊन जा, म्हणाल्या, तोवर हिला गॅसजवळ येऊ देणार नाही. दादा वॉर्डात जागा आहे का बघतो म्हणाला. हे सगळं मला ऐकू येत होतं. काच पातळ आहे.

गोंधळ असा, की एरवीच्या दुपारी मला धड आठवत नव्हत्या. ही मात्र लख्ख आठवत होती.

२

गेल्या वर्षी माझं डोकं सटकलं होतं. हा शब्द मी वापरला तर चालतो, तुम्ही वापरू नका. भिंतीपलीकडची माणसं माझ्याबद्दल बोलतात असं मला ऐकू यायचं. वॉर्डात राहिले, औषध लागू पडलं, भिंती गप्प झाल्या. तेव्हापासून रोज सकाळी न्याहारीनंतर गोळी घेते. माझी मी. कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.

पण परत आल्यापासून माझं नाव गेलं. आता मी "जपून". "जपून हं", "तिला जपून सांगा", "गॅस जपून". चकचक तर माझ्या डब्यातलं काही घेईनासा झाला. आधी माझ्याच डब्यावर पोसलेला माणूस. वेड काय भाकरीला लागून येतं?

आणि खरं सांगायचं तर गेले काही आठवडे मी त्यांना कारणं देतच होते. दुपार झाली की डोळ्यांवर झापड यायची. एकदा टेबलावर डोकं ठेवून झोपले. एकदा मॅडमना "आई" म्हटलं. हात थरथरायचे. सुट्टीच्या दिवशी घरी मात्र ठणठणीत. मॅडम म्हणायच्या, मसाल्याचा वास तुला सोसत नाही. मला वाटायचं, तो वास मी दहा वर्षं घेतेय. मग वाटायचं, वास नसेल तर तेच आहे. परत आलं.

म्हणून मी तपास सुरू केला तेव्हा पहिली संशयित मीच होते. बाकीचे डिटेक्टिव्ह दुसऱ्यांना विचारतात, काल दुपारी कुठे होता? मी स्वतःला विचारत होते आणि उत्तरावर विश्वास बसत नव्हता. मला लख्ख आठवतं, पण ज्यांना भिंती बोललेल्या ऐकू येतात त्यांनाही ते लख्खच ऐकू येतं. मग या आठवणीला काय म्हणायचं?

घरी दादाने काही विचारलं नाही, नुसता डोक्यावरून हात फिरवला. वहिनी विचारण्यातली नाही, बोलण्यातली आहे. "झालं का परत वेड?" म्हणाली आणि ताट वाढलं.

३

बुधवारी मी मेणबुवांच्या टेबलाशी स्टूल ओढलं. मला गॅसजवळ जायची बंदी होती, स्टुलावर बसायची नव्हती.

मेणबुवा चांगला माणूस. खोटं बोलता येत नाही, पण गप्पही बसवत नाही. त्यांनी सांगितलं की त्यांनी मला टबाजवळ पाहिलं होतं, हातात चिमटा होता. बरोबर आहे, साचे मीच उचलते. चिमट्यात काय होतं, असं विचारलं तर म्हणाले, काहीतरी होतं. साचा की कवळी? त्यांनी मान खाली घातली.

"पोरी, मी शपथेवर नाही सांगणार. पण दुसरं कोण असणार?"

हीच गंमत आहे. बघितलं काय ते आठवत नाही, पण दुसरं कोण असणार हे पक्कं. साप साप म्हणून भुई धोपटायची.

मी विचारलं, चकचक तेव्हा काय करत होता? ते हसले. तो बिचारा चाकासमोर बसून पेंगत होता म्हणे. चाक फिरतंय आणि याची हनुवटी छातीला. ऊन फार होतं त्या दिवशी, मेणसुद्धा मऊ पडलं होतं.

मी म्हटलं, मी पेंगले की आजार, तो पेंगला की ऊन. मेणबुवांना ते लागलं असावं, कारण त्यांचं गुणगुणणं थांबलं. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. चाक फिरत होतं. चाकाखाली काय होतं?

४

वाकडी झालेली कवळी मॅडमनी ड्रॉवरमध्ये ठेवली होती, डॉक्टरांना दाखवायला. मी जेवणाच्या सुट्टीत पार्टिशनमागे गेले आणि सरळ विचारलं, बघू का? मॅडमनी आधी ड्रॉवरमधली कात्री उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, बघ.

मी कात्रीकडे एकदा बघितलं आणि कवळी हातात घेतली.

माझ्याकडून कवळी जाते तेव्हा तिच्या कडेने मसाल्याचे पातळ, धारदार पापुद्रे असतात. साच्याच्या फटीतून आलेले. ते काढणं चकचकचं काम. या कवळीच्या कडा गोल होत्या. बोट फिरवलं, कुठे टोचत नव्हतं. आणि मागच्या दाढांच्या खाचेत राखाडी पूड बसली होती. ती माझ्या टेबलावर नसतेच.

म्हणजे कवळी माझ्याकडून गेली, गार पाण्यातून उचलली गेली, घासली गेली, चमकवली गेली, आणि मग उकळत्या पाण्यात पडली. मंगळवारपासून ती ड्रॉवरमध्ये पडून होती आणि कोणी तिला नीट पाहिलंच नव्हतं. बघायची गरजच वाटली नव्हती. त्यांना बघायला मी होते ना.

आनंद झाला म्हणाल तर नाही. कारण लगेच दुसरा विचार आला, मीच चाकावर बसले असेन तर? झापडीत उठले, घासली, चमकवली, टाकली आणि विसरले? आठवण लख्ख आहे, पण ती मी मागून रचली असेल तर? डोकं असं एकदा दगा देऊन गेलं की प्रत्येक पुरावा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. मी कवळी परत ठेवली. मॅडमनी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली.

५

गुरुवारी चकचकला गाठलं, तो हात धूत होता तिथे. तो चोर नाही हे मला माहीत होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला असाही नाही. म्हणून दरडावलं नाही. कडा घासलेल्या आहेत एवढंच सांगितलं.

त्याने नळ बंद केला आणि म्हणाला, तू केली असशील. मी म्हटलं, असेन. मलाही तेच वाटतंय. मला माझी खात्री नाही, तुला तुझी आहे का?

तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. सहा फुटी माणूस, पण पाचावर धारण बसलेली.

"मला त्या दुपारचं काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "चहा प्यायलो, चाकावर बसलो. मग एकदम मेणबुवा टबाजवळ ओरडतायत. मधलं सगळं कोरं आहे गं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मला आठवत नाही म्हणू? मलाही जपून म्हणाले असते."

त्याने ते इतकं सरळ सांगितलं की माझा रागच गेला. हा माणूस दोन रात्री झोपला नव्हता. त्याला वाटत होतं की आपल्यालाही लागलं. माझ्यापासून. आणि त्यापेक्षा कवळी माझ्या नावावर खपवणं सोपं होतं, कारण माझ्या नावावर आधीच सगळं जमा होतं.

मी भानावर आले ते एका शब्दाने. चहा.

त्या मंगळवारी टपरी बंद होती आणि चकचकचं डोकं दुखत होतं. परत आल्यापासून पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे काही मागितलं, मी रोज घरून आणते त्या थर्मासमधला घोटभर चहा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मी अख्खा थर्मास त्याला दिला. स्वतः थेंबही घेतला नाही. त्याने तोंड वाकडं करून विचारलं होतं, एवढा कडू का? मी म्हटलं होतं, वहिनी उकळत बसते. खरं म्हणजे मला कित्येक दिवस तो चहा कडू लागत होता, पण औषधाने तोंडाची चव जाते असं मी धरून चालले होते.

मी चहा प्यायले नाही, ती दुपार मला आठवते. तो प्यायला, त्याला आठवत नाही. सुट्टीच्या दिवशी घरी सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यातला असतो आणि मी ठणठणीत असते.

मी चकचकला एवढंच सांगितलं की तुला काही लागलेलं नाही, पण आजच्या आज डॉक्टरांकडे जा आणि चहात झोपेचं काहीतरी होतं असं सांग. कोणी घातलं, असं त्याने विचारलं. ते मलाही कळायला हवं होतं.

६

तो दिवस आणि शुक्रवार, दोन्ही दिवस थर्मास मी मोरीत ओतला. सकाळची माझी गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. शुक्रवारी दुपारी हात स्थिर होते. खिडकीतून समोरच्या इमारतीवरची कबुतरं मोजता येतील इतकं स्पष्ट दिसत होतं. माझ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हे तुमच्याच औषधाचा डोस जास्त झाल्यासारखं दिसतंय, तुमची गोळी चालू ठेवा, दुसऱ्या कोणाच्या हातचं काही पिऊ नका आणि सोमवारी रक्त तपासायला या.

दुसऱ्या कोणाच्या हातचं. म्हणजे वहिनीच्या. दुसरं कोण असणार? हे शब्द मनात आले आणि मी मेणबुवांसारखं बोलतेय हे लक्षातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी वहिनी भांडी घासत होती. मी मागे उभी राहून विचारलं, चहात काय घालतेस? ती वळली. तिच्या हाताला फेस होता.

"साखर घालते. का? कमी पडते?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, रडेल, काहीतरी नाटक करेल. तिने हात पुसले आणि खाली बसली.

"हे बघ, मी तुला वेडी म्हणते. तोंडावर म्हणते, चारचौघांत म्हणते, चूक आहे माझी, मला कळतं. पण माझ्या पोटात काही नसतं. चहा मी करते. थर्मास तुझा दादा भरतो. रोज. मला हात लावू देत नाही. मला वाटायचं, किती माया करतो बहिणीवर."

वहिनीवर संशय घेताना मला काही जड गेलं नव्हतं. पण दादावर? वॉर्डात रोज येणारा दादा. माझी वेणी घालायला शिकलेला दादा. लोकांशी भांडलेला दादा. रात्री त्याला विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. तो नाही म्हणाला असता तर? मग मी पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार होते, त्याच्यावर की माझ्यावर?

७

रहस्यकथेत शेवटी सगळ्यांना एका खोलीत बोलावतात. आमच्याकडे खोलीच एक. शनिवारी सकाळी दादा आला, हातात माझी बॅग. वॉर्डात जागा मिळाली होती.

मी म्हटलं, येते, पण आधी पाच मिनिटं ऐका. मॅडमच्या हातात कवळी दिली आणि कडांवरून बोट फिरवायला सांगितलं. खाचेतली पूड दाखवली. मॅडमनी ती खिडकीशी नेऊन पाहिली, पुन्हा पाहिली आणि चकचककडे वळल्या. तो उठून उभा राहिला.

"मीच टाकली असणार," तो म्हणाला. "मला आठवत नाही. पण पॉलिश माझं आहे."

मेणबुवांनी चष्मा काढला. मी सगळ्यांना सांगितलं की चकचकचा दोष नाही. तो माझा चहा प्यायला होता आणि चहात माझंच औषध होतं. गेले कित्येक आठवडे रोज असायचं, माझ्या सकाळच्या गोळीवर आणखी. म्हणून मी पेंगायचे, म्हणून हात थरथरायचे. कोणी घातलं ते मी सांगितलं नाही. मी नुसती दादाकडे बघत राहिले, आणि मनात म्हणत होते, बोल रे, मला एकदा तरी बरोबर ठरू दे.

बॅग त्याने खाली ठेवली.

"मी घातलं," दादा म्हणाला. "वॉर्डातल्या जुन्या गोळ्या उरल्या होत्या. कुटून घालायचो."

मॅडम खुर्चीत बसल्या. मी विचारलं, का?

"तिथल्या माणसाने सांगितलं होतं, हे लोक गोळी घेतल्यासारखं करतात आणि थुंकतात. लक्ष ठेवा म्हणाला. मी घाबरलो होतो. तू परत तशी झालीस तर मला बघवलं नसतं."

"मी रोज घेत होते, दादा."

"मला काय माहीत?"

"मला विचारायचंस."

मी पुढे म्हणाले, "मी पेंगायला लागले, बरळायला लागले, तेव्हा तुला वाटलं आजार वाढला. मग तू काय केलंस?"

त्याने मान फिरवली. हलक्या आवाजात म्हणाला, "जास्त घातलं."

दादा रडायला लागला, लहान मुलासारखा, नाक ओढत. मला त्याचा इतका राग आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि दोन्हीतलं काय आधी करावं ते कळेना, म्हणून मी काहीच केलं नाही. फक्त एवढं म्हटलं, की "हे लोक" म्हणजे मी नव्हे, मी तुझी बहीण आहे, आणि जे लोक आहेत तेही कोणाचे तरी असतात.

सगळ्यात आधी मॅडम सावरल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे तुला काही झालेलंच नाही की! तू अगदी बरी आहेस. मी सगळ्यांना सांगते, हिला आजार वगैरे काही नाही म्हणून."

त्या मनापासून बोलत होत्या. हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. नाव परत मिळालं असतं, कात्री हातात मिळाली असती.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "आजार आहे. आज सकाळी गोळी घेऊन आले, उद्याही घेईन. कदाचित जन्मभर घेईन. आणि कवळी मी टाकली नाही. दोन्ही खरं आहे."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. त्या एकदा कवळीकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. हे दोन एकत्र कुठे ठेवायचं ते त्यांना समजत नव्हतं. मला त्यांचा राग नाही आला. मीच तो आठवडा त्याच गोंधळात काढला होता.

शेवटी त्या म्हणाल्या, त्या बाईंची कवळी नव्याने करायला हवी. मेणबुवांनी लगेच मेण काढलं. मी ॲप्रन चढवला आणि गॅस पेटवला. कोणी जपून म्हणालं नाही. मेणबुवांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं.

दादा दाराशी उभा होता, बॅग पुन्हा हातात घेऊन. जायचं की थांबायचं ते त्याला कळत नव्हतं. गेल्या वर्षापासून माझं कधी उठायचं, कुठे जायचं, काय प्यायचं, सगळं त्याने ठरवलं होतं.

"संध्याकाळी घ्यायला येऊ का?" त्याने विचारलं.

कोणी विचारलेलं ऐकायची सवयच गेली होती.

"नको," मी म्हटलं. "माझी मी येईन."